शूटिंग कोणाला द्यायचं? आधी हेडफोन लाव

ताई, माझं लग्न फेब्रुवारीच्या मध्यात आहे. लॉन नागपुरात वर्धा रोडवर, खापरीच्या अलीकडे. मुहूर्त संध्याकाळी ६ वाजून २२ मिनिटांचा. घरात व्हिडिओवरून भांडण सुरू आहे. मी इन्स्टाग्रामवर एक टीम हेरून ठेवली आहे, त्यांचं काम अगदी सिनेमासारखं असतं. ड्रोन, टीझर, हायलाइट फिल्म सगळं धरून १ लाख ४० हजार मागतात. बाबांचं म्हणणं, महाल भागातले आपले शूटिंगवाले काका असताना बाहेरचे कशाला? काकांनी माझ्या बहिणीचं लग्न केलं, आत्याच्या दोन्ही मुलांचं केलं, आणि ४५ हजारांत दोन कॅमेरे लावतात. पण त्यांच्या व्हिडिओत अजूनही गुलाबाच्या पाकळ्यांतून नवरा-नवरी उगवतात! त्यात नवरदेवाकडचे यवतमाळहून आपला शूटिंगवाला आणणार आहेत. शिवाय आमची आजी, म्हणजे बाबांची आई, ८४ वर्षांची आहे, ती स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणणार आहे. बाबा आणि मी चार दिवस धड बोललेलो नाही. कोणाला घेऊ?
— प्र., मनीषनगर

प्रिय प्र.,

ड्रोन तुझ्या पत्रात आजीच्या आधी आला. तिथेच मी जरा थबकले. म्हणून आधी माझ्या घरातली एक गोष्ट सांगते, मग तुझ्या प्रश्नाकडे येते.

बारा वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं लग्न झालं. तिचा मामा, म्हणजे माझा मोठा भाऊ, गळ्याचा फार गोड. घरातल्या कोणत्याही लग्नात शेवटचं मंगलाष्टक त्याचं, हे ठरलेलंच. शूटिंग आम्ही एका नावाजलेल्या स्टुडिओला दिलं होतं. ज्यांनी आम्हाला बसवून कामं दाखवली, चहा पाजला, ते लग्नाच्या दिवशी आलेच नाहीत. तीन अनोळखी पोट्टे आले. त्या एका तारखेला स्टुडिओनं चार लग्नं घेतली होती, हे नंतर कळलं. व्हिडिओ सात महिन्यांनी हाती पडला. दिसायला सुरेख. अंतरपाट धरलेला आहे, भाऊ माईकसमोर उभा आहे, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, आणि ऐकू येतंय सिनेमातलं गाणं. मूळ फुटेज मागितलं तर म्हणाले, कार्डं पुढच्या लग्नाला लागली, पुसली. भाऊ पुढच्याच वर्षी गेला. तो भाग आम्ही आता आवाज बंद करून बघतो.

तेव्हापासून कोणी शूटिंगवाल्याचं विचारलं की मी आधी आवाजाचं विचारते. चित्र नंतर थोडंफार सावरता येतं. काळपट आलं तर उजळता येतं, रंग बदलता येतात, नको ते कापून टाकता येतं. जो आवाज त्या घटकेला माईकमध्ये गेलाच नाही, तो नंतर कुठून आणणार?

आता तुझ्या इन्स्टाग्रामवाल्यांकडे येऊ. तू पाहिलंस ते त्यांचं रुखवत आहे. रुखवतातली करंजी बघायला असते, खायला नाही. पन्नास लग्नांतले सगळ्यात चांगले चार-चार सेकंद निवडून, वर गाणं घालून केलेल्या रीलमध्ये वाईट दिसायला जागाच कुठे उरते? त्यांना सांग, मला एक अख्खं लग्न दाखवा. संध्याकाळच्या मुहूर्ताचं, उघड्या लॉनवरचं, मराठी घरातलं. अंतरपाटापासून सप्तपदीपर्यंत सलग, वर संगीत न टाकलेलं. ज्यांचं लग्न आहे त्यांची परवानगी घेऊनच दाखवतील, आणि तसं ते म्हणाले तर माझ्या मते तो त्यांचा एक गुण धर. हेच महालातल्या काकांनाही सांग. आणि बघताना हेडफोन लाव. फोनच्या स्पीकरवर सगळंच बरं वाटतं.

काय ऐकायचं? गुरुजींचे शब्द सुटे सुटे कळतात का. मंगलाष्टक म्हणणाऱ्याचा श्वास ऐकू येतो का. मागून जनरेटरची घरघर येते का. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा माईक पंधरा फुटांवरून बिचारा जे मोठं असेल तेच ऐकतो, आणि आपल्याकडे मोठं काय असतं ते तुला सांगायला नको. गेटवर संदलचा ढोल वाजून राहिला असतो, आत डीजे, आणि मधे कुठेतरी 'शुभमंगल सावधान'. ज्याला आवाजाची जाण आहे तो साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर काढून वेगळ्या रेकॉर्डरवर घेतो, गुरुजींना आणि नवरदेवाला कॉलर माईक लावतो, आणि एखादा माईक बंद पडला तर दुसरा चालू असेल अशी सोय ठेवतो. तुझ्या दोन्ही उमेदवारांना फक्त इतकं विचार : "मंगलाष्टकांचा आवाज कुठून घेता?" जो लगेच वायरी-माईकांबद्दल बोलू लागेल तो कामाचा. "आजकाल कॅमेऱ्यातच येतो ना चांगला" म्हणाला, तर चहा पिऊन निघून ये.

आजीलाही कॉलर माईक हवा. म्हातारी माणसं हातातला माईक दोन ओळींनंतर पोटाशी आणतात, हे मी दर लग्नात पाहते. माईक पदराला लावायचा, पण गळ्यातल्या माळेपासून आणि जरीच्या काठापासून लांब, नाहीतर आजीऐवजी दागिनेच ऐकू येतील. आजीनं शार्दूलविक्रीडित वृत्तात रचलं असेल तर एका चरणाची १९ अक्षरं होतात, आणि बहुतेक त्यात तुम्हा सगळ्यांची नावं गुंफलेली असतील. एडिटिंग करणाऱ्याला आधीच बजाव की कडवं मधे तोडायचं नाही आणि त्यावर दुसरं काही वाजवायचं नाही. चित्र हवं तर त्या वेळात दहा ठिकाणी फिरव म्हणावं, कुणाकुणाचे डोळे पुसणं दाखव. आवाज मात्र 'कुर्यात् सदा मंगलम्'पर्यंत सलग हवा.

आता उजेडाचं. फेब्रुवारीच्या मध्यात नागपुरात सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. म्हणजे तुझा मुहूर्त ऐन तिन्हीसांजेचा. वरात वेळेवर आली तर आभाळ अजून निळं असेल आणि स्टेजवरचे दिवे लागलेले असतील. दोन जातींचा उजेड एका चेहऱ्यावर. आणि वरात वेळेवर आली नाही, नवरदेवाचे मित्र गेटवरच तासभर नाचले, तर गडद अंधार. (वेळेवर आलेली वरात मी नागपुरात तरी अजून पाहायची आहे.) शूटिंगवाला या दोन्हींसाठी तयार हवा, म्हणजे त्याचे स्वतःचे दिवे हवेत. डेकोरेशनवाल्याशी तू बोल. जांभळे-निळे दिवे रिसेप्शनला खुशाल लावा, पण मुहूर्ताच्या अर्ध्या तासात स्टेजवर समोरून पांढरा उजेड द्या. जांभळी नवरी कोणत्याच सॉफ्टवेअरनं पूर्ण पिवळी होत नाही, हळद लावली तरी.

आणखी एक बारीक गोष्ट. आपल्याकडची वीज ५० सायकलची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर त्या हिशेबानं लावलं नाही तर व्हिडिओत आडवे पट्टे सरकत राहतात, आणि स्लो मोशनमध्ये तर हमखास. म्हणून नमुना बघताना स्टेजवरचं, मागे एलईडी वॉल असलेलं, स्लो मोशनमधलं एखादं दृश्य मुद्दाम मागून बघ.

कॅमेरे किती, हे ठरवायला अंतरपाट पुरेसा आहे. तू एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला, तोंडं समोरासमोर. पाट खाली आला त्या क्षणी दोघांचे चेहरे हवे असतील तर एका कॅमेऱ्यानं ते होणारच नाही, मग तो कितीही महागाचा असो. दोन तिरपे कॅमेरे, आणि तिसरा लांब स्टँडवर न हलणारा, सगळा मांडव धरणारा. तिसऱ्याला माणूस नसला तरी चालतं. त्या अक्षता उडण्याच्या मिनिटाला तुझे दहा चुलतभाऊ मोबाइल वर करून पुढे घुसणार. त्यांना आवरायचं काम शूटिंगवाल्याचं नाही, तुझ्या मामाचं. मामाला आधी सांगून ठेव, त्यांना आवडेल.

ड्रोन काढून टाक. एक तर वरून लॉन म्हणजे मांडवाचं कापड, केटररचा तंबू आणि पार्किंग. दुसरं म्हणजे तुझं लॉन सोनेगाव विमानतळाच्या अगदी शेजारी आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत ड्रोन उडवायचा तर हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, कितीही खालून उडवला तरी. "होऊन जातं मॅडम, सगळेच उडवतात" असं उत्तर आलं, तर तोच माणूस बाकीच्या बाबतीतही 'होऊन जातं' म्हणणार हे समजून घे. ड्रोनचे किती पैसे धरलेत ते विचार आणि तेवढ्यात आवाजासाठी वेगळा माणूस माग. त्या १ लाख ४० हजारांत जीएसटी धरलाय का, हेही आत्ताच विचार. १८ टक्क्यांनी वर २५ हजार २०० होतात. शेवटी कळलं तर बाबा पुन्हा चार दिवस बोलणार नाहीत.

महालातल्या काकांबद्दल तू पाकळ्यांवरून बोललीस. अगं, पाकळ्या ही एडिटिंगमधली भर आहे. "काका, पाकळ्या नको" म्हटलं की संपलं. काकांकडे जे आहे ते त्या टीमकडे नाही, त्याचा विचार कर. तुझी मोठी आत्या कोणती, कोण कोणाशी बोलत नाही, कन्यादानाला कोण बसणार, सूनमुख बघताना आरसा कुठल्या बाजूनं धरतात, हे त्यांना ठाऊक आहे. माझ्या भाचीच्या लग्नात एका झकपक टीममधला मुलगा ऐन कन्यादानाच्या वेळी मला विचारत होता, "आंटी, यह कितनी देर चलेगा?" त्याला लेन्स बदलायची होती. पोरगा वाईट नव्हता, पण पुढे काय येणार हे ज्याला माहीत नाही तो प्रत्येक विधीच्या शेपटीलाच पोचतो. अशा टीमला घेतलंस तर घरातलं एक जाणतं माणूस दिवसभर त्यांच्यासोबत लावून दे.

काकांचीही कसून चौकशी कर, घरोबा आहे म्हणून सोडू नकोस. कॅमेरा कोणता वापरतात? ४के मध्ये, म्हणजे जास्त बारकाव्यानं, रेकॉर्ड करतात का? एकाच वेळी दोन कार्डांवर रेकॉर्डिंग होतं का? तुझ्या बहिणीच्या लग्नात दुसरा कॅमेरा ज्यानं धरला तो अजून आहे की यंदा कोणी नवीन? कारण शेवटी लग्न स्टुडिओ शूट करत नाही, त्या दिवशी येणारा माणूस करतो. इन्स्टाग्रामवाल्यांनाही हेच लागू. रीलमधलं काम ज्यानं केलं तोच येणार का, त्याचं नाव काय, त्याला एकदा भेटता येईल का? मोठ्या तिथीला बाहेरची पोरं घ्यावी लागतात, त्यात गैर काही नाही. फक्त कोण येणार ते आधी कळायला हवं.

यवतमाळकरांचं जरा नाजूक आहे, पण सोडवता येण्यासारखं. त्यांच्या शूटिंगवाल्याला नाही म्हणू नका. तुमची एक टीम, त्यांची एक टीम, वर तू आणि बाबा दोघांचंही मन राखायला तिसरी घेतली, तर स्टेजवर वऱ्हाडापेक्षा कॅमेरे जास्त होतील. म्हणून तुम्ही एकच घ्या. दोन्हीकडच्या माणसांची फोनवर गाठ घालून दे. स्टँड कुठे लावायचा, अंतरपाटाला कोण कुठल्या बाजूला, आवाज एकानंच घ्यायचा आणि दोघांनी वाटून घ्यायचा, लग्नानंतर एकमेकांचं फुटेज द्यायचं. हा फोन तुझ्या होणाऱ्या नवऱ्यानं करावा. विहीणबाईंपर्यंत विषय गेला की तो कॅमेऱ्याचा राहत नाही.

ठरलं की कागदावर घे, निदान व्हॉट्सअॅपवर तरी. किती वाजेपर्यंत थांबणार, उशीर झाला तर तासाचे किती, काय काय देणार, कोणत्या तारखेला देणार. पैसे तीन हप्त्यांत : थोडा बयाणा, लग्नाच्या दिवशी मोठा भाग, आणि शेवटचा भाग सगळं हातात आल्यावर. हा शेवटचा भाग नगण्य ठेवू नकोस. पैसे यूपीआयनं दे, म्हणजे नोंद राहते. काही बिनसलंच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. पण तिथे जाऊन हरवलेलं मंगलाष्टक मिळत नाही, हे मी सांगायला नको.

मूळ फुटेज मात्र मागच, आणि लेखी माग. मी आधी लेखी मागितलं नव्हतं. पुष्कळ जण म्हणतात, ते आमचं असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ उलट सांगतं. पैसे देऊन करून घेतलेल्या फोटोंची आणि चित्रफितीची पहिली मालकी करून घेणाऱ्याची, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. म्हणून त्यांच्या छापील कागदावर खाली बारीक अक्षरात काय आहे ते सही करण्याआधी वाच. तुमचे व्हिडिओ त्यांनी जाहिरातीसाठी टाकायचे की नाही, तेही तिथेच लिहून घे. हार्ड डिस्क तुझी तू दे. साधा हिशेब असा : ४के रेकॉर्डिंग सेकंदाला १०० मेगाबिटनं होत असेल तर तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे आठ-आठ तास चालले तर ७२० जीबी. म्हणजे १ टीबीच्या दोन डिस्क, एक तुझ्याकडे, एक बाबांकडे. कार्डं पुसायची ती तुमच्या दोन्ही डिस्क भरून, तपासून झाल्यावरच.

हो, हायलाइटमध्ये सिनेमाचं गाणं हवं असेल तर घाल, पण इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर टाकलंस की कॉपीराइटपायी आवाज बंद होऊ शकतो. तुमच्याकडे बॅकग्राउंडला सनई आणि आजी आहे. तेवढं पुरे.

मग कोण? तू सरळ विचारलंस, तर सरळ सांगते. शूटिंग आणि एडिटिंग ही दोन वेगळी कामं आहेत, ती एकाच माणसाला द्यायलाच हवीत असं नाही. काका जर ४के वर शूट करत असतील आणि आवाजासाठी वेगळा माणूस आणायला तयार असतील, तर मी शूटिंग काकांना देईन. मग त्या फुटेजमधून पाच मिनिटांची फिल्म कापायचं काम एखाद्या तरुण एडिटरला वेगळं देईन. ते दोन्ही मिळून किती होतात ते बघ, १ लाख ४० हजारांच्या बरंच खाली राहावं. काकांचा कॅमेरा जुनाच निघाला, किंवा "आवाज-बिवाज होऊन जातो" म्हणाले, तर टीम घे, आणि बाबांना मी सांगितलंय म्हणून सांग. पण दोघांचे नमुने बाबांना सोबत घेऊनच बघ. हेडफोन आधी त्यांच्या कानाला लाव. माझा अंदाज आहे की दोन मिनिटांत त्यांना काय चांगलं, काय वाईट ते तुझ्याआधी कळेल. गुळगुळीत दृश्यांची त्यांना भुरळ पडत नाही, आणि आईचा आवाज त्यांच्या ओळखीचा आहे.

आणि लग्नाची वाट बघू नकोस. येत्या रविवारी दुपारी आजीला घरीच एकदा मंगलाष्टक म्हणायला बसव. खिडक्या लावून घे, पंखा बंद कर, फ्रिज असलेल्या खोलीत नको. फोन आजीच्या तोंडापासून वीतभर, जरा खाली. तो बाबांना धरायला दे.